रत्नक्का आणि मूर्तींची फ्लॉपी

बंगळुरात भाड्याचं घर शोधणाऱ्याला ठरलेले प्रश्न विचारतात. शाकाहारी की मांसाहारी, लग्न झालंय का, कंपनी कुठली, पाहुणे किती येतात. मी आणि बायको पुण्याहून आलो तेव्हा या सगळ्यांची उत्तरं पाठ करून हिंडत होतो. चामराजपेटेतल्या त्या घराच्या मालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चक्क मराठीत विचारलं, "लोहचुंबक हाय का घरात?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे.

"फ्रिजला लावायचे दोन-तीन आहेत," बायको म्हणाली. "गोव्याहून आणलेले. माशांचे."

"बेड," त्या म्हणाल्या.

बेड म्हणजे कन्नडमध्ये नको. पण आपल्या 'नको'त थोडी मनधरणीला जागा असते. या बाईंच्या 'बेड'मध्ये ती नव्हती. ते तीन मासे आम्ही सासूबाईंना कुरिअर केले, तेव्हा कुठे घराची किल्ली हातात पडली.

या आमच्या मालकीणबाई म्हणजे रत्नाबाई जगताप, अख्ख्या गल्लीच्या रत्नक्का. सत्तरीच्या पुढच्या, उंच, काटक, केसांचा घट्ट अंबाडा आणि नाकावर दोरीवाला चष्मा. त्यांच्या घराण्यातलं कुणी तरी तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि राहिलं. त्यामुळे माझ्यासारखे नोकरीसाठी आलेले मराठी लोक त्यांच्या दृष्टीने कालचे. माझ्या पुणेरी मराठीत इंग्रजी फार, म्हणून त्या मला अधूनमधून "मराठीत सांग की" असं सुनावतात, आणि ते सुनावताना स्वतः निम्मं कन्नड बोलतात. रत्नक्का मला आवडतात हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तसं वाटेलच असं नाही.

तर लोहचुंबक. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, रस्त्याकडेच्या खोलीत, रत्नक्कांचं दुकान आहे. 'रत्ना टायपिंग अँड डीटीपी' ही पाटी अजून आहे. एके काळी तिथे लग्नपत्रिका, प्रबंध, कोर्टाची कागदपत्रं, पूजेची आमंत्रणं असं सगळं कन्नड, इंग्रजी आणि मराठीत टाइप व्हायचं. काम झालं की ते फ्लॉपीवर ठेवायचं. आत्ताच्या पोरांना फ्लॉपी ठाऊक नाही म्हणून सांगतो: ती चौकोनी, तळहाताएवढी, आणि आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, अक्का, राहू दे तुमच्याकडे, पुन्हा लागेल. पुन्हा कुणाला लागलं नाही. पण रत्नक्कांनी "राहू दे" हे शब्द मनावर घेतले. चकली-चिवड्याच्या मोठ्या स्टीलच्या डब्यांत त्या सगळ्या फ्लॉप्या त्यांनी जपून ठेवल्या. फ्लॉपीवरचं लोहचुंबकाने पुसलं जातं. फ्रिजवरचा मासा मजल्याखालच्या डब्यापर्यंत पोचत नाही, हे मी त्यांना भौतिकशास्त्राच्या आधारे समजावून बघितलं.

"तुझं शास्त्र तुझ्या घरी," त्या म्हणाल्या. "आणि तुझं घर माझ्या घरात हाय."

डब्यांत दमट हवा नको म्हणून त्यांना चपलांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या लागतात. गल्लीत कुणीही नवीन चप्पल, पर्स, मिक्सर घेतला की आधी पुडी रत्नक्कांकडे जाते. माझ्या पायात नवे बूट दिसले तर त्या बुटांचं कौतुक करत नाहीत, हात पुढे करतात. एकदा पुडी मी सवयीने फेकून दिली होती. दोन आठवडे त्या माझ्याशी फक्त पाण्याच्या मोटरीसंबंधी बोलल्या.

आता या वयात त्यांनी नवा उद्योग काढलाय. सगळ्या फ्लॉप्या उघडायच्या, त्यातलं नव्या कंप्युटरवर घ्यायचं आणि ज्याचं त्याला परत द्यायचं. रोज सकाळी पूजा झाली की बसतात. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखाने सरकवायचं, आतली तबकडी बोटाने हळूहळू फिरवत स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, सावलीत वाळवायची आणि मग ड्राइव्हमध्ये घालून कान लावायचा. ड्राइव्ह सरळ घरघरला तर सरी, म्हणजे ठीक. अडखळत कुरकुरला तर लगेच बाहेर काढून पुन्हा पुसायची. डोळ्यांपेक्षा त्यांचा कानावर विश्वास जास्त.

जुनी फ्लॉपी ओळखता आली नाही की कंप्युटर एक निरागस प्रश्न विचारतो: ही डिस्क फॉरमॅट करायची का? म्हणजे आतलं होतं नव्हतं ते पुसून टाकू का? या प्रश्नाला न वाचता 'हो' म्हणणाऱ्या लोकांनी जगातलं निम्मं सामान घालवलंय. रत्नक्का बटण नंतर दाबतात, आधी तोंडाने उत्तर देतात. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात फरशीखालून तो आवाज येतो. "बेड. एकदा बेड म्हणलं की बेड. पुन्हा विचारायलाय बघ, लाज न्हाई." बायकोने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, खाली कुणाचं तरी स्थळ आलंय.

स्थळं खरंच यायची म्हणतात एके काळी. त्यांनाही त्यांनी हेच उत्तर दिलं. वडिलांनी टाइपरायटर विकायचं म्हटलं, बेड. भावाने दुकान बंद करून जागा बेकरीला भाड्याने द्यायचं म्हटलं, बेड. भाचा येलहंकाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला बोलावतो. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे. "मला कशाला लिफ्ट? मला वर जायचंच न्हाई," असं त्या त्याला सांगतात.

परत देण्याची तर वेगळीच तऱ्हा. एका गृहस्थांना त्यांनी फोन केला, तुमच्या मुलीची लग्नपत्रिका निघाली, घेऊन जा. गृहस्थ बिचारे आले. मुलीचा घटस्फोट होऊन जमाना झाला होता. त्यांना पेन ड्राइव्ह हातात घ्यायलाही नको वाटत होतं.

"पत्रिका चांगली होती," रत्नक्का म्हणाल्या. "नवरा वाईट निघाला, त्याला मी काय करू? तुम्ही ठेवायला दिलं होतं, मी परत केलं. आता फेका न्हाई तर पुजा."

मी पोटापाण्यासाठी जे करतो ते याच जातीचं काम आहे. कंपन्यांचा जुना डेटा उचलून क्लाउडवर नेऊन ठेवायचा. शेजारधर्म म्हणून मी एकदा म्हटलं, अक्का, हे सगळं तुम्ही क्लाउडवर ठेवा, मी करून देतो, हरवायची भीतीच नाही.

"कुठं असतंय ते?"

"कुठेही असतं. म्हणजे सगळीकडे."

"कुठला मेन, कुठला क्रॉस?"

बंगळुरात पत्ता असाच सांगतात, अमक्या मेन रोडवर तमका क्रॉस. इतकी वर्षं मी ज्यावर पगार घेतो ते नक्की कुठे असतं, हे मला ठाऊक नाही, असं त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. रत्नक्कांनी विषय तिथेच संपवला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला. जुन्या स्मरणिकांचा एकत्र ग्रंथ काढायचा, अशी टूम निघाली. छापलेले अंक मंडळाच्या माळ्यावर होते ते वाळवीने खाल्ले. मग कुणाला तरी आठवलं की सगळ्या स्मरणिका रत्नक्कांकडे टाइप व्हायच्या. मंडळाचे सेक्रेटरी कदम हे मुंबईहून आलेले, मोठ्या कंपनीतले, अत्यंत उत्साही. ते मला घेऊन खाली गेले. फ्लॉप्या होत्या, उघडल्याही. पण पडद्यावर जे आलं ते बघून कदमांचा चेहरा उतरला. रोमन अक्षरं, टिंबं, टोप्या घातलेले स्वर, उलटी प्रश्नचिन्हं. मराठी कुठेच नव्हतं.

त्या काळी असंच असायचं. कंप्युटरला मराठी येत नव्हतं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला फॉन्ट वापरायचे. तो फॉन्ट असला तर मजकूर मराठी दिसतो, नसला तर हा असा कचरा. आणि रत्नक्कांचा फॉन्ट बाजारातला नव्हता. तो त्यांच्याकडे काम करणाऱ्या मूर्ती नावाच्या गृहस्थांनी काढलेला होता.

मूर्ती पाट्या रंगवायचे. चामराजपेटेतल्या अर्ध्या दुकानांच्या कन्नड पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पत्रिकांची वेलबुट्टी काढायला म्हणून ते रत्नक्कांच्या दुकानात आले, कंप्युटरवर चित्र काढायला शिकले, आणि बाजारातली मराठी अक्षरं रत्नक्कांना पसंत पडेनात म्हणून त्यांनी नवी काढून दिली. त्या अक्षरातली पत्रिका हातात पडली की लोक म्हणायचे, ही रत्नक्कांकडची. दुसऱ्या छापखान्यांनी फॉन्ट मागून बघितला, त्यांना मिळाला नाही. रत्नक्कांनी एकालाही कॉपी दिली नाही. पुढे मूर्तींच्या आईने तुमकुरूला त्यांचं लग्न ठरवलं, ते तिकडे गेले आणि काही वर्षांपूर्वी तिकडेच वारले. गेल्या वर्षी दुकानातल्या जुन्या कंप्युटरनेही मान टाकली. त्यानंतर मूर्तींची अक्षरं जगात एकाच ठिकाणी उरली होती, त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेल्या एका फ्लॉपीत. तिला वेगळा डबा होता, छोटा, पितळी. रत्नक्कांनी तो उघडला तेव्हा फ्लॉपीच्या तबकडीवर पांढरट बुरशी पसरलेली दिसली.

"डेटा रिकव्हरीला देऊ," कदम म्हणाले. "के. आर. पुरमच्या पुढे एक चांगली कंपनी आहे. माझ्या ओळखीचे आहेत."

"बेड."

"अक्का, बुरशी लागलेली डिस्क एकदाच वाचता येते. दुसऱ्यांदा लावली की वरचा थर खरवडून जातो. रिस्क आहे."

"तेच म्हणालेय. एकदाच येत असंल तर ते एकदा मी करणार."

मग मी मध्ये पडलो. मी म्हटलं, फॉन्टची गरजच नाही. कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं मराठी अक्षर होतं ते शोधता येतं, एक छोटा प्रोग्राम लिहिला की सगळ्या स्मरणिका आजच्या मराठीत येतील. कदम खूश झाले. त्यांनी मला टाळी दिली.

रत्नक्का आमच्याकडे वळल्या. "मजकूर येईल," त्या म्हणाल्या. "अक्षर येईल?"

"अक्षर काय अक्का, कुठलंही लावू. आता शेकडो सुंदर फॉन्ट आहेत."

"मग शेकडो घेऊन जा. माझं एक राहू दे."

कदम मला बाहेर नेऊन म्हणाले, म्हातारीला जरा समजाव. मी म्हटलं, मी भाडेकरू आहे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी मनातून रत्नक्कांच्या बाजूला गेलो होतो. आयुष्यभर लोकांचा डेटा मी या खोक्यातून त्या खोक्यात टाकलाय, पण त्यातल्या एखाद्या फाइलसाठी कुणी असं पाय रोवून उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. रत्नक्कांनी ती फ्लॉपी आठवडाभर पुड्यांच्या डब्यात कोरडी केली होती. मी एक प्रोग्राम लावून ठेवला होता, जो फाइलींच्या नादी न लागता तबकडीचा कणन् कण क्रमाने उचलतो. त्यांनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिळला आणि तबकडी पुसायला घेतली. मी म्हटलं, द्या इकडे, मी करतो. बेड म्हणून त्या पुसत राहिल्या.

फ्लॉपी आत गेली. ड्राइव्ह घरघरला, अडखळला, कुरकुरला. बाहेर काढायची सोय नव्हती. माझ्या पडद्यावर चौकोनी घरं एकेक हिरवी होत होती, मध्येच एखादं लाल व्हायचं आणि प्रोग्राम तिथे पुन्हा पुन्हा डोकं आपटायचा. रत्नक्का पडद्याकडे बघतच नव्हत्या. ड्राइव्हला कान लावून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि पुटपुटत होत्या, "चल. चल की. स्वल्प चल." शेवटचं लाल घर हिरवं झालं तेव्हा ड्राइव्हमधून एक बारीक खरखर आली आणि तो थांबला. मी फ्लॉपी काढून बघितली. तबकडीवर गोल ओरखडा उठला होता. तिचं काम संपलं होतं.

"आलं," मी म्हटलं. "सगळं आलं."

त्यांनी डोळे उघडले आणि पदराने चष्मा पुसला. "दाखव."

दोन फाइली होत्या. पहिलीत मुळाक्षरं आणि बाराखडीची सामग्री. माझ्या प्रोग्रामात फॉन्टमधली सगळी अक्षरं एकदम ओळीने दिसतात. अ दिसला, क दिसला, लांब दांडीचा ल, पोट पुढे काढलेला ळ. ही अक्षरं मी कुठे तरी पाहिली होती. मग मान वळवून डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघितल्या.

"अक्का, हे तर तुमचं हस्ताक्षर आहे."

"मग कुणाचं असणार? त्याला मराठी कुठं येत होतं? मी लिहायची, तो शेजारी बसून बघायचा. नुसता कागद दिला तर चालायचं न्हाई त्याला. हात कुठून निघतोय, कुठं टेकतोय, ते बघायचं असायचं."

दुसऱ्या फाइलीत जोडाक्षरं होती. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध. मग जरा अवघड, ङ्घ, ञ्झ. मग पडदा खाली सरकवत गेलो तशी भलतीच अक्षरं येऊ लागली. 'ढ'ला ङ जोडलेला, त्याला खाली व. 'झ'ला ठ. कुठल्याही लग्नपत्रिकेत, स्मरणिकेत, कोर्टाच्या कागदात कुणाला कधी लागणार नाहीत अशी. ओळीच्या ओळी.

"अक्का, हे अक्षर कुठल्या शब्दात येतं?"

"कुठल्याबी न्हाई."

"मग काढून का घेतलं?"

रत्नक्का भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "बाराखडी संपल्यावर तो काय म्हणून आला असता? मी सांगायची, हे एक राहिलंय, पत्रिकेत लागतंय, मंगळवारी ये. यायचा. मग आणखी एक सांगायची. त्याला काय कळतंय, कुठलं लागतंय न् कुठलं न्हाई."

मी पडदा खाली सरकवत राहिलो. शेवटी थोडी जागा मोकळी सुटली होती आणि तिच्याखाली आणखी काही ओळी होत्या. पहिल्यांदा वाटलं, ही फाइल खराब झालीय. 'क'च्या पोटात घ शिरला होता. 'ळ'च्या पायाला उलटा म लटकत होता. एका अक्षराची वेलांटी दुसऱ्याच्या गळ्यात होती. पण रेघा स्वच्छ होत्या, वळणं पक्की होती. बुरशीने खाल्लेलं इतकं नेटकं नसतं. ही मराठी अक्षरं नव्हती, कुठल्याच भाषेतली नव्हती. मराठी येत नसलेल्या माणसाने मराठी दिसावीत म्हणून जुळवलेली अक्षरं होती.

"आणि ही हो?"

रत्नक्का पडद्याजवळ आल्या.

"ही मी सांगितलेली न्हाईत," त्या म्हणाल्या.

मूर्तींनी जी बटणं सांगितली तेवढीच त्या इतकी वर्षं दाबत आल्या होत्या. फॉन्ट असा अख्खा उघडून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"शेवटी मीच म्हणाले त्याला," त्या सावकाश बोलू लागल्या. "साकु, पुरे आता, झालं सगळं. मला वाटलं कंटाळला असंल, किती म्हणून बोलवायचं दर मंगळवारी. तो सरी म्हणाला. फ्लॉपी ठेवली टेबलावर न् गेला. मी म्हणलं, बघा, सुटला. खूश झाला."

मूर्ती पुढच्या कित्येक मंगळवारांचं काम आधीच काढून बसले होते. हे त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. मी उगाच ड्राइव्हची वायर गुंडाळायला घेतली.

कदमांचा फोन आला. मी सांगितलं, फॉन्ट मिळाला, स्मरणिका निघतील. ते म्हणाले, छान, त्यातली फालतू अक्षरं गाळून मला पाठव. मी फोन ठेवला.

रत्नक्कांनी खुर्ची पुढे ओढली होती. त्या शेवटच्या ओळींतल्या पहिल्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं आणि ओठ हलवले. क झाला, घ झाला, पुढे जमेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"अक्का," मी हळूच म्हटलं, "त्याचा उच्चार होत नाही."

"तू गप बस," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला वाचू दे."